डोहांची राखण

झोम्बा, ११ जून २०१८

मामा,

आम्ही सगळे बरे आहोत. आई अजूनही काचुलूच्या बंदरावर मासे धुरीवर सुकवते आणि अजूनही मला ऐकवते, की पुस्तकं राखण्यापेक्षा बकऱ्या राखल्या असत्यास तर दूध तरी मिळालं असतं. तुम्ही सलिमात मामीच्या गावी मोठ्या तळ्याकाठी जाऊन बसलात, तर आमच्या चिल्वा तळ्याची आठवण येते का, असं तिनं विचारायला सांगितलंय.

फोन करणार होते. पण ऐकू कमी येतं हे तुम्ही कबूल करत नाही, आणि मी आवाज चढवला की फोन मामीकडे जातो. शिवाय काम लेखी करण्यासारखंच आहे.

ग्रंथालयात एक नवा विभाग सुरू झालाय आणि तो माझ्याकडे दिलाय. आपल्या प्राध्यापकांनी लिहिलेली पुस्तकं परदेशात छापली जातात, महाग विकली जातात, आणि इथं कुणाला दिसतसुद्धा नाहीत. अशा लेखकांना आम्ही मदत करतो. करार वाचून देतो, हक्क सोडवून आणतो, आणि मग ते पुस्तक इंटरनेटवर सगळ्यांसाठी मुक्त ठेवतो. ज्याला हवं त्यानं वाचावं, उतरवून घ्यावं, छापावं. पहिल्या वर्षासाठी पाच पुस्तकं निवडायची आहेत. त्यात तुमचं ‘आटलेल्या तळ्याची माणसं’ असावं असं मला वाटतं.

पूर्ण मलावीत त्याची मला एकच प्रत सापडली. ती आमच्याच राखीव कपाटात आहे, कुलपात. तुमच्याकडे प्रकाशकांशी केलेला करार असेल, तो पाठवाल का?

तळ्याचं पाणी यंदा लवकर मागं सरतंय. होड्या चिखलातून ढकलत न्याव्या लागतात, असं आई म्हणते.

तुमची भाची,
तियांजाने


सलिमा, २ जुलै २०१८

चि. तियांजाने,

पत्र मिळालं. मला उत्तम ऐकू येतं. तुम्ही मुलं पुटपुटता.

तुझ्या विभागाचं अभिनंदन. माझं पुस्तक मात्र त्यात धरू नकोस. त्या पुस्तकासाठी मी चौदा वर्षं चिल्वाकाठची गावं पालथी घातली. ते लंडनला गेलं, ज्यांची तोंडंही मी पाहिली नाहीत अशा तीन विद्वानांनी ते तपासलं, आणि १९९९ साली कापडी बांधणीत छापून आलं. पाठीवर सोनेरी अक्षरांत ‘ग्रेसन चिंग्वालू’. आपल्या बंदरावरच्या कुठल्या पोराचं नाव त्याआधी सोन्यात उमटलं होतं, सांग बरं. आणि आता तू म्हणतेस, ते रस्त्याकडेला पडलेल्या आंब्यासारखं ठेवून द्या, येईल तो उचलेल. फुकट मिळतं त्याची किंमत कुणी करत नाही. मी घरजावई आहे, मला ते चांगलं ठाऊक आहे.

शिवाय उद्या कुणी त्यातलं माझं नाव खोडून स्वतःचं घातलं, तर तू काय करणार? बढतीसाठी तुला पाच पुस्तकं हवी असतील तर दुसरा लेखक शोध. माझे सहकारी पुष्कळ आहेत आणि त्यांची पुस्तकं पातळ आहेत.

करार कुठं आहे ते आठवत नाही. घर बदलताना गहाळ झाला असावा.

तुझ्या आईला सांग, मोठं तळं नुसतं मोठं आहे. चव चिल्वाच्याच माशाला.

मामा


झोम्बा, २३ जुलै २०१८

मामा,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. आता लिहिते.

मला बढती मार्चमध्येच मिळाली. नाव कुणाला खोडता येत नाही. पुस्तक ज्या परवान्याखाली मुक्त होतं त्यातली पहिली अटच ती आहे: लेखकाचं नाव द्यायचं, आणि काही बदललं तर बदललं असं सांगायचं. आणि तीन विद्वानांनी ते तपासलंय हे, ते मुक्त झाल्यानं पुसलं जात नाही.

दोन शनिवारांपूर्वी मी काचुलूला गेले होते. पाणी धक्क्यापासून इतकं दूर गेलंय की मासे आणायला लोक सायकली घेऊन तळ्याच्या तळावरून जातात. मी आईला विचारलं, अडुसष्ट साली तळं पूर्ण आटलं तेव्हा आजीनं काय केलं होतं?

आई म्हणाली, “मी तेव्हा जेमतेम अठराची होते, आणि वर्षभर चिराद्झुलूला मावशीकडे होते. तुझ्या मामाला विचार. त्यानं आईला चार दिवस समोर बसवून सगळं लिहून घेतलं होतं. माझी चुलीवरची मक्याची न्सिमा करपली त्याच्या प्रश्नांपायी.”

म्हणून मी परत येऊन राखीव कपाटातली ती प्रत मागितली. बाहेर नेता येत नाही, जीर्ण झाल्यामुळे छायाप्रतही काढू देत नाहीत. वाचनकक्षात बसून अकरा पानं हातानं उतरवली. पुढच्या शनिवारी मासे सुकवायच्या मांडवाखाली बसून ती इंग्रजीतली पानं मी आपल्या भाषेत सांगत गेले. तीस-चाळीस माणसं जमली. मी ज्या पानावर थांबले होते तिथं गावप्रमुख म्बालुले म्हणाले, “पुढचं?”

म्हटलं, “पुढचं पुस्तकात आहे.”

“आणि पुस्तक कुठंय?”

“एक झोम्ब्याला कुलपात. बाकीची इंग्लंडात. जुनी प्रत मिळालीच, तर तिला शिक्षकाचा महिन्याचा पगार पडतो.”

ते हसले नाहीत. म्हणाले, “म्हणजे तुझी आजी अबिती कसांगा इथं चुलीपाशी बसून बोलली, तिचे शब्द इंग्लंडला गेले, आणि परतीच्या भाड्याअभावी तिथंच अडकले.”

सगळे हसले. आई हसली नाही. ती उठून मासे उलटायला गेली.

मामा, रस्त्याकडेचा आंबा निदान कुणीतरी खातो.

तियांजाने


सलिमा, १४ ऑक्टोबर २०१८

तियांजाने,

उत्तराला जवळपास तीन महिने लागले. मामी म्हणते, आजारी होतो असं लिही. आजारी नव्हतो.

करार गहाळ झालेला नाही. तो माझ्या पेटीत वरच होता. सोबत पाठवतो आहे. तू वाचशील तेव्हा तुला कळेल म्हणून आधीच सांगतो: मी तो न वाचता त्यावर सही केली. लंडनहून जाड पाकीट आलं, विभागातले सगळे भोवती जमले होते, आणि सगळ्यांसमोर मी पेन काढलं. नंतर पंधरा वर्षं विद्यार्थ्यांना सांगत राहिलो, की मी त्यातली ओळन् ओळ तपासली होती. पुस्तकाचे सर्व हक्क, सर्व देशांत, कायमचे मी देऊन टाकलेत. ते तुला दिसू नये म्हणून खोटं बोललो.

दुसरं सांगणं याहून जड आहे. प्रकाशकांनी मला सहा प्रती दिल्या होत्या. एक कुलगुरूंना, एक मंत्र्यांना, दोन परदेशी प्राध्यापकांना, एक ग्रंथालयाला. सहावी माझ्याकडे होती; घर बदलताना खरोखर गहाळ झाली ती हीच. ज्यांनी मला सांगितलं, जेवू घातलं, पावसात होडीतून नेलं, त्यांना प्रत्येकाला मी म्हणालो होतो, पुस्तक झालं की घेऊन येईन. आईलाही म्हणालो होतो. ती त्यानंतर चार वर्षं होती. प्रत्येक सुट्टीत विचारायची, “माझं पुस्तक कुठंय?” मी म्हणायचो, “आई, ते इंग्रजीत आहे, तुला काय कळणार?”

म्बालुले बरोबर बोलले.

तू म्हणशील ते कर. काय होईल ते कळव.

ग्रेसन मामा


झोम्बा, २५ ऑक्टोबर २०१८

मामा,

करार मिळाला. आमच्याकडे येणाऱ्या दहा लेखकांपैकी नऊ जणांनी न वाचताच सही केलेली असते. उरलेला एक वाचल्याचं खोटं सांगतो. तुम्ही दोन्हींत बसता, म्हणून तुमच्यासाठी वेगळी फाइल केली आहे.

आता चांगली बातमी. ‘कायमचे’ हा शब्द तिसऱ्या कलमात आहे, पण तुम्ही चौदावं कलम वाचलेलं नाही. पुस्तक बाजारात मिळेनासं झालं, लेखकानं लेखी मागणी केली, आणि तरी प्रकाशकांनी सहा महिन्यांत ते पुन्हा छापलं नाही, तर सगळे हक्क लेखकाकडे परत येतात. आमचे वकील दोनदा वाचून म्हणाले, स्वच्छ आहे. पण ही मागणी लेखकानंच करायची असते. मी किंवा विद्यापीठ करू शकत नाही. मसुदा सोबत आहे. सही करून पाठवा, आणि या खेपेला आधी वाचा.

वाईट बातमी. चिल्वा आटलं. परवा आई म्हणाली, मधोमध तरंगत्या झोपड्या बांधून राहणारे कोळी घरांचे बांबू खांद्यावर टाकून चालत किनाऱ्याला आले. माझा भाऊ लास्टन मांगोचीला काम शोधायला गेला. नदीच्या मुखाजवळ जे थोडे डोह उरलेत, तिथं बाहेरची माणसं मच्छरदाण्यांनी बोटाएवढे मासेही उपसून नेताहेत. म्बालुलेंच्या मासेमारी समितीत दोन तट पडलेत. अर्धे म्हणतात आपणही उपसू, नाहीतर ते नेतील.

याच डोहांबद्दल आजीनं काहीतरी सांगितलं होतं ना? मी उतरवलेली पानं त्याच्या अलीकडेच संपतात. आणि वाचनकक्ष आता दुरुस्तीसाठी बंद आहे.

तियांजाने


काचुलू, ९ डिसेंबर २०१८

तियांजाने,

पत्रावरचं गाव बघून चकित झाली असशील. मी गेले दहा दिवस तुझ्या आईकडे आहे. तू लेखकांच्या बैठकीसाठी केपटाउनला गेल्याचं इथं आल्यावर कळलं. म्हणून हे पत्र तुझ्या टेबलावर ठेवायला दिलं आहे.

आधी कामाचं. तुझा मसुदा मी वाचला. कायदा चोख, इंग्रजी पडेल. नव्यानं लिहून पाठवला. लंडनहून उत्तर आलं, की पुस्तक ‘अद्याप उपलब्ध’ आहे, सबब चौदावं कलम लागू होत नाही. मला पहिल्यांदा आनंद झाला, की अजून खपतंय. मग लाज वाटली. पुढं काय करायचं ते तू बघ.

पण तळं प्रकाशकांच्या उत्तरासाठी थांबणार नव्हतं. पुस्तक जरी माझं उरलं नसलं, तरी माझ्या वह्या माझ्याच आहेत. आईच्या तोंडचे शब्द जसेच्या तसे त्यात आहेत, आपल्या भाषेत. सात वह्या पिशवीत घातल्या आणि बसमध्ये बसलो.

एलुबे ताई दारातच होती. मला पाहून म्हणाली, “तळं आटलं तेव्हा भाऊ उगवला. भरलेलं असताना कुठं होतास?” नंतर जेवायला वाढलं, पण मासा नाही. म्हणाली, मासा असेल तेव्हा ये.

समिती शाळेच्या पटांगणात बसली. साठ तरी माणसं होती. दोन्ही तटांचा आरडाओरडा चालला होता. म्बालुले म्हणाले, “डॉक्टर, तुमचं पुस्तक आलं का?” म्हटलं, “पुस्तक आलं नाही. आईला आणलंय.” आणि वही उघडून वाचायला लागलो.

“तळं आटलं, की मासा रुसलेल्या घरजावयासारखा आपल्या आईकडे, नदीच्या डोहात जाऊन बसतो. तिथं जाऊन त्याला छळलंत, तर तो परत कशाला येईल? त्या वर्षी आम्ही डोहांना हात लावू दिला नाही. उपाशी राहिलो, मुळं उकडून खाल्ली, पण रात्रंदिवस राखण केली. पाऊस आला तेव्हा मासा स्वतःच्या पायांनी घरी आला.”

एक म्हातारे कोळी उठले. म्हणाले, “हा अबिती कसांगाचाच आवाज. ‘स्वतःच्या पायांनी’ असं माशाबद्दल तीच बोलायची.” मग आठवणी निघाल्या. कुठले डोह, किती खोल, कोणत्या महिन्यात कुठली नाकी धरायची. जे कुणाला आठवेना ते मी वहीतून वाचत गेलो. तीन तास मी प्राध्यापक नव्हतो, नुसता वाचक होतो, आणि माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला तास कुठला म्हणशील तर त्या तीन तासांपैकी एक.

सहा डोह ठरले. पावसापर्यंत जाळं बंद. पाळ्या लागल्या. उपसणाऱ्या तटाचा पुढारी पहिल्या पाळीला स्वतः उभा राहिला.

ताई परतताना म्हणाली, “आईचा तुझ्यावर एवढा जीव का होता ते आज कळलं. तू ऐकत होतास. नंतर बहिरा झालास ती गोष्ट वेगळी.”

मी पाऊस येईपर्यंत इथंच आहे.

मामा


झोम्बा, १७ मे २०१९

मामा,

लंडनचं पत्र आज आलं. मूळ प्रत तुम्हाला बसने पाठवते, पण शेवटची ओळ इथंच लिहिते: “सदर पुस्तकाचे सर्व हक्क आजपासून लेखक डॉ. ग्रेसन चिंग्वालू यांच्याकडे परत देण्यात येत आहेत.”

कसं झालं ते ऐका. डिसेंबरात तुमचं पत्र वाचल्यावर मी तीन देशांतल्या तीन पुस्तकविक्रेत्यांकडे तुमच्या पुस्तकाची रीतसर मागणी नोंदवली. तिघांनीही लेखी कळवलं, की प्रकाशकांकडे प्रत नाही आणि छपाईचा बेतही नाही. ती तिन्ही उत्तरं तुमच्या मागणीपत्राला जोडून परत पाठवली. मागणीची तारीख नोव्हेंबरची, म्हणजे सहा महिने या महिन्यात भरले. त्यांनी वाद घातला नाही. मला वाटतं, वीस वर्षांत या पुस्तकासाठी कुणी इतकं भांडेल असं त्यांच्या मनातच आलं नव्हतं.

पत्र वाचून मी विभागातल्या सगळ्यांना चहा पाजला. आमच्या कामात सोडवलेलं हे पहिलं पुस्तक. कपाटातली प्रत आता पान पान करून नव्यानं टंकलिखित होते आहे. शिवाय आता परवानगीची गरज नाही, म्हणून इंग्रजीवरून मी ते आपल्या भाषेतही आणते आहे. पुस्तकाचे दोन्ही अवतार एकत्र मुक्त होतील.

एक प्रश्न आहे. इंग्रजीत जिथं आजी बोलते तिथं तुम्ही ‘एक वृद्ध स्त्री’ असं लिहिलंय. म्हातारे कोळी ‘एक माहीतगार पुरुष’. असंच ठेवायचं?

मार्चच्या वादळानं नद्या फुगल्या, तळ्यात पाणी शिरलं. आई म्हणते, डोहांची तोंडं उघडली.

तियांजाने


सलिमा, ३० जून २०१९

तियांजाने,

असंच ठेवायचं नाही. त्या काळी शास्त्रात नावं न देण्याची रीत होती. मीही ती डोळे मिटून पाळली. माझं नाव सोन्यात, आणि ज्यांचं ज्ञान त्यांना नाव नाही, हे मला तेव्हा खटकलं नाही.

वह्यांमधून एकशे सात नावं काढली आहेत, गावांसकट. हयात असलेल्यांना किंवा त्यांच्या घरच्यांना विचारायला ताईने आणि म्बालुलेंनी एक महिना घेतला. दोघांनी नको म्हटलं, एकशे पाच जण हो म्हणाले. ती यादी पहिल्या पानावर टाक. माझं नाव त्यांच्यानंतर.

आणि तू हे सोडवून आणलंस. बंदरावरच्या माणसांना मी आता सांगतो, आमच्या घरात दोन विद्वान आहेत. एक पुस्तकं लिहितो, दुसरी करार वाचते.

मामा


सलिमा, ११ जानेवारी २०२०

चि. तियांजाने,

ऑक्टोबरात पुस्तक मुक्त झाल्यापासून तू दर महिन्याला आकडे पाठवतेस. वाचकांचे आकडे मी मामीला वाचून दाखवतो, ती म्हणते तुम्हाला इतकी माणसं ओळखत असती तर भाजी स्वस्त मिळाली असती. लास्टन मांगोचीहून परत आला, जाळ्याला पुन्हा लागला, हे ताईकडून कळलं. तिनं धुरीवरचे मासेही पाठवले. चिठ्ठीत लिहिलंय, आता ये.

पण आज वेगळ्या कारणानं लिहितो आहे. काल मला एक पत्र आलं. तळ्याच्या दक्षिणेकडून, फलोम्बे बाजूच्या एका गावातून. श्रीमती एनेलेस मफुंगो, वय शहात्तर, तरुणपणी काचुलूला राहिलेल्या. त्यांची नात दवाखान्यात परिचारिका आहे, तिनं फोनवर आपल्या भाषेतलं पुस्तक उतरवून घेतलं आणि रोज संध्याकाळी आजीला वाचून दाखवलं. पत्र आजीनं सांगितलंय, नातीनं लिहिलंय. मधला मजकूर जसाच्या तसा देतो.

“डॉक्टर, तुमचं पुस्तक चांगलं आहे. माझ्या थोरल्या बहिणीचं नाव पहिल्या पानावर आहे, ते मी तीनदा वाचायला लावलं. पण डोहांच्या प्रकरणात तुम्ही लिहिलंय, की अडुसष्ट साली गावच्या पुरुषांनी डोह राखले. कुठल्या पुरुषांनी? तळं आटलं तसे पुरुष कामाला गेले, कुणी चहाच्या मळ्यांत, कुणी सीमेपलीकडे. गावात म्हातारे होते आणि आम्ही होतो. डोह बायकांनी राखले. मी चोवीस वर्षांची होते, पाठीवर मूल होतं, हातात मुसळ होतं. परगावचे दोघे जाळं घेऊन आले, त्यांना आम्ही अकरा जणींनी गुडघाभर चिखलात बसवून ठेवलं, परत न येण्याचं कबूल करेपर्यंत. अबिती कसांगा आमच्या पुढे होती. तिनं तुम्हाला हे सांगितलं नसेल यावर माझा विश्वास नाही. तुम्ही नीट ऐकलं नसेल.”

मी पेटी उघडून चौथी वही काढली. आईनं म्हटलंय, “आम्ही राखण केली.” नुसतं ‘आम्ही’. शाळेच्या पटांगणात तेच मोठ्यानं वाचलं होतं, तेव्हाही मला कळलं नाही. इंग्रजीत लिहिताना मी त्या ‘आम्ही’चे ‘गावचे पुरुष’ करून टाकले, कारण त्या वर्षी मी दूर शाळेच्या वसतिगृहात होतो, आणि पहारा म्हटलं की मला पुरुषच दिसले. तू इंग्रजीवरून आपल्या भाषेत आणलंस, म्हणून तुझ्याकडेही पुरुषच आले. यात तुझा दोष नाही.

मामीला वाटलं मला वाईट वाटेल. मी तिला ते पत्र दोनदा वाचून दाखवलं. मग शेजारच्या शिक्षकांना बोलावून त्यांनाही दाखवलं. पुस्तकाला आजवर जे मान मिळाले त्यांची कात्रणं माझ्याजवळ आहेत, पण तळ्याकाठच्या माणसानं मला चूक दाखवल्याचं हे पहिलंच पत्र. ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांनी मला तपासलं.

तू म्हणतेस मुक्त आवृत्तीत दुरुस्ती एका दिवसात होते. मग ही आजच कर, दोन्ही भाषांत. ‘गावच्या पुरुषांनी’ काढ. ‘गावच्या बायकांनी’ घाल. खाली टीप दे: ही चूक लेखकाची. दुरुस्ती एनेलेस मफुंगो यांची, ज्या तिथं होत्या.

मी सोमवारच्या बसने फलोम्बेला निघतो आहे. उरलेल्या दहा जणींची नावं त्यांना आठवतात, असं नातीनं खाली वेगळ्या शाईनं लिहिलंय. नवी वही घेतली आहे.

तुझा,
ग्रेसन मामा